बॉल यायच्या आधी

"बॉल तुझ्याकडं यायच्या आधी तू काय बघतोस?"

२०१४ चा मे महिना. पुण्यातलं एक मैदान, सकाळचे साडेआठ, आणि ऊन आत्ताच चटके द्यायला लागलेलं. फुटबॉल कोचसाठीच्या डी लायसन्सच्या कोर्सचा तिसरा दिवस होता. माझ्यापुढं माझ्यासारखेच वीस-बावीस होतकरू कोच बिब घालून खेळाडू झाले होते. प्रत्येकानं वीस मिनिटांचं सत्र घेऊन दाखवायचं होतं. मला विषय आला होता, पाठीवर माणूस असताना पास घेऊन वळणं. विषय वाचून मी मनातून खूश झालो. आयुष्यभर मधल्या फळीत खेळलेला माणूस मी, हे तर माझं रोजचं काम. मी पास मागवला, ट्रॅप केला, वळलो, पुढं दिला. दहा वेळा करून दाखवलं, एकदाही चुकलं नाही.

इन्स्ट्रक्टर सरांनी शिट्टी मारली आणि हा प्रश्न विचारला.

"मागचा माणूस बघतो, सर."

"कधी बघतोस? पास निघायच्या आधी, निघाल्यावर, का बॉल पायात आल्यावर?"

मला उत्तर येईना. मी डोळे मिटून आठवायला लागलो, तरी येईना. तेरा वर्षं जे हजारो वेळा केलं, ते मी नेमकं कधी करतो हे मला माहीत नव्हतं. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझ्या पायाला येतं. पोरांना तुझा पाय कसा देणार?"

त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. सांगलीतला एक बारा वर्षांचा पोरगा आठवत होता. त्याच्याबद्दल पुढं लिहितो.

मी मिरजेचा. आण्णा रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे यार्डात रुळांचे सांधे बदलणारे होते. ज्यांनी जुनं मिरज जंक्शन बघितलंय त्यांना सांगायला नको, एकाच स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि कुर्डुवाडीकडं जाणारी नॅरोगेज, अशा तिन्ही रुंदीचे रूळ होते. आमचं क्वार्टर यार्डाच्या एका बाजूला आणि आम्ही खेळायचो ती मोकळी जागा दुसऱ्या बाजूला. बॉल सारखा रुळात जायचा. शंटिंगचं इंजिन कधी कुठून येईल याचा नेम नसायचा. आण्णांचा एकच दम असायचा, "रूळ वलांडताना मान दोनीकडं. आदी बगायचं, मग पाय टाकायचा. पाय टाकल्यावर बगून उपेग न्हाई." एकदा न बघता पळालो म्हणून त्यांनी सगळ्या पोरांसमोर कानशिलात लगावली होती.

हे मला तेव्हा फुटबॉलशी जोडता आलं नव्हतं.

अठराव्या वर्षी कोल्हापूरला खेळायला लागलो. मिरजेहून सकाळची पॅसेंजर धरायची, जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी करत कोल्हापूर गाठायचं, आणि संध्याकाळी परत. कोल्हापूरचा फुटबॉल ज्यानं बघितला नाही त्याला तो सांगून कळवणं अवघड आहे. तिथं संघ क्लबचे नसतात, पेठांचे आणि तालमींचे असतात. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, प्रॅक्टिस, बालगोपाल. ज्या तालमीत आजोबा कुस्ती खेळले, त्याच तालमीच्या नावाची जर्सी नातू घालतो. मॅच असली की आदल्या दिवसापासून चौकाचौकात बोलणी सुरू होतात. शाहू स्टेडियमच्या पायऱ्या दुपारीच भरतात. म्हातारी माणसं छत्री घेऊन येतात, आणि कुठल्या हाफनं किती साली कुठल्या कोपऱ्यातून कसा गोल मारला हे परवाची गोष्ट असल्यासारखं सांगतात.

मी बाहेरचा, मिरजेचा. पहिल्या मॅचला माझ्याकडून एक पास चुकला आणि समोरच्या पायऱ्यांवरून अशी हुर्यो उठली की कानात दडे बसले. पण त्याच मैदानानं मला शिकवलं. तिथला बॅक, म्हणजे बचावाचा खेळाडू, तुम्हाला विचार करायला वेळ देत नाही. पाठीवर येऊन आदळतो आणि पंच बघत असला तरी आदळतो. बॉल यायच्या आधी माहीत नसेल कुठं वळायचं, तर संपलं. मी वळायचो. "मिरजेच्या पोराच्या डोक्याला मागनं डोळं हैत," असं एक वयस्क समर्थक म्हणाले होते. आयुष्यात मिळालेलं सर्वांत मोठं बक्षीस मी तेच मानतो.

२००४ ला मुंबईला गेलो. एका खात्याच्या संघानं कराराच्या मानधनावर घेतलं. लालबागला आमच्या तालुक्यातल्या माणसांच्या मंडळाची खोली होती, तिथं चौदा जणांत एक वळकटी टाकायची जागा मिळाली. कूपरेज आणि परळच्या झेवियर्स मैदानावर लीगच्या मॅचेस. पुढं दोन हंगाम आय-लीगच्या, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगच्या, सेकंड डिव्हिजनमध्ये खेळणाऱ्या एका संघात होतो. व्यावसायिक फुटबॉलपटू म्हणून माझी कारकीर्द म्हणायची तर ती एवढीच. टीव्हीवर कधी दिसलो नाही. तरी महिन्याच्या महिन्याला खेळण्याचे पैसे हातात यायचे आणि आण्णांना मनीऑर्डर जायची, याचा अभिमान मला तेव्हाही होता आणि आजही आहे.

मग सगळं एकदमच आटलं. २०१० मध्ये महिंद्रा युनायटेडनं संघ बंद केला. राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ, त्याचं असं झाल्यावर बाकीच्यांचं काय, अशी भीती आमच्यासारख्या सगळ्यांच्या पोटात बसली. पुढच्या वर्षी पंजाबचा जेसीटी गेला. आमच्या संघात करार लांबायला लागले, मानधन दोन-दोन महिने थकायला लागलं. आणि २०११ च्या फेब्रुवारीत, एका साध्या सराव सामन्यात, कुणी धक्काही दिला नव्हता, मी वळलो आणि गुडघ्यात कट् असा आवाज आला. एसीएल, गुडघ्याच्या आतला अस्थिबंध. वळतानाच गेला.

ज्यांचा गेलाय त्यांना माहीत आहे, दुखणं पहिल्या दिवसाचं मोठं नसतं. ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी मांडीकडं बघितल्यावर कळतं. डावी मांडी माझीच वाटेना, एवढी बारीक झालेली. मिरजेत दवाखान्यांची कमी नाही, ऑपरेशन चांगलं झालं. पण पैसे घरचे गेले. संघानं खर्च देतो म्हणून सांगितलं होतं, तो शेवटपर्यंत आला नाही, आणि करारही पुढं वाढवला नाही. नऊ-दहा महिने मी भिंतीला पाठ लावून बसायचा व्यायाम करत होतो. आई समोर भाजी निवडत बसायची. ती काही बोलायची नाही, फक्त मी किती वेळ बसलो ते मोजायची.

परत खेळलो. दोन मॅच खेळलो. पाय ठीक होता, पण वळायच्या क्षणी मन मागं राहायला लागलं. मी स्वतःच थांबलो.

२०१२ च्या जूनमध्ये सांगलीत एका शाळेत कोच म्हणून लागलो. महिना सहा हजार, तेही अकरा महिन्यांचे. शाळा नदीच्या बाजूच्या वस्तीत. मैदान मोठं, पण आडवं. फुटबॉलचं मैदान शक्यतो उत्तर-दक्षिण आखतात, म्हणजे संध्याकाळचं ऊन कुठल्याच गोलकीपरच्या डोळ्यांत जात नाही. आमच्या शाळेचं कंपाउंड असं होतं की एक गोल पूर्वेला आणि एक पश्चिमेला, दुसरा इलाजच नव्हता. मी मुख्याध्यापकांकडं दोनदा तक्रार केली, चुन्यानं दुसरी आखणीही करून बघितली. कोपरा भिंतीत जायला लागला, तेव्हा नाद सोडला.

पहिली दोन वर्षं मी वाईट कोच होतो. हे मी विचार करून लिहितोय. मला येत होतं तेवढंच करायचो, म्हणजे माझ्या कोचांनी माझ्याशी केलेलं. मैदानाला दहा फेऱ्या. मग रांग. चोवीस पोरं दोन रांगांत, एक-एक बॉल, एकानं मारायचा आणि मागं जाऊन उभं राहायचं. मग मॅच, आणि मॅचभर बाहेरून माझा आवाज. "दे! सोड! मागं बघ! मार!" आवाज माझा पहिल्यापासून मोठा.

त्यात तो पोरगा होता. बारा वर्षांचा, हडकुळा, अनवाणी यायचा. बॉल त्याच्या पायाला चिकटलेला असायचा. सगळ्यांत जास्त मी त्याच्यावर ओरडायचो, कारण सगळ्यांत जास्त अपेक्षा त्याच्याकडूनच होती, असं मी स्वतःला सांगायचो. एक दिवस मॅच चालू असताना मी बघितलं, बॉल त्याच्या पायात आहे, समोर दोन बॅक धावत येतायत, आणि तो त्यांच्याकडं बघतच नाहीये. तो माझ्याकडं बघतोय. मी आता काय ओरडतो याची वाट बघत उभा.

त्यानंतर आठवड्याभरात त्याची आई शाळेत आली. "सर, पोरगं यायचं न्हाई म्हणतंय. रातचं पोटात दुकतंय म्हणतंय." मी काय बोललो ते लिहायला अजून जड जातं. मी म्हणालो, "मग क्रिकेट खेळू द्या त्याला."

पुण्याच्या कोर्सला त्या दुपारी तोच आठवत होता.

रात्री हॉस्टेलवरून मी आण्णांना फोन केला. सहज बोलता बोलता म्हटलं, सर असं असं विचारतात, मला सांगताच आलं नाही. आण्णा फुटबॉलमधलं काही बघायचे नाहीत. ते म्हणाले, "त्यात काय सांगायचं? रूळ वलांडल्यागत. आदी बगायचं, मग पाय टाकायचा." मी फोन कानाला तसाच धरून बसलो. हॉस्टेलच्या गॅलरीत उठून पास घेतल्यासारखं करून बघितलं. एकदा, दोनदा, वीस वेळा. पास निघायच्या आधी मान एकदा डावीकडं, बॉल वाटेत असताना एकदा उजवीकडं. दोनीकडं. दरवेळी, न चुकता. ती सवय रेल्वे यार्डातली होती, आणि मी इतकी वर्षं तिला माझी हुशारी समजत होतो.

दुसऱ्या दिवशी सरांनी पुन्हा सत्र घ्यायला लावलं. यावेळी मी बॉलला पायच लावला नाही.

त्या आठवड्यात मी वहीभर लिहून घेतलं, पण सांगलीत परत आल्यावर पहिली गोष्ट केली ती मोजण्याची. जुन्या पद्धतीनं रांगा लावल्या आणि एका पोराचा पाय बॉलला किती वेळा लागतो ते मोजलं. पंधरा मिनिटांत नऊ वेळा. मग त्यालाच चार विरुद्ध चार, छोटं मैदान, दगडांचे छोटे गोल, असं खेळवलं. तेवढ्याच वेळात मी पन्नासच्या पुढं मोजायचं सोडून दिलं. मैदानाच्या फेऱ्या त्या दिवशी बंद झाल्या. एका पालकानं शाळेत तक्रार केली की कोच नुसतंच खेळवतात, शिस्त लावत नाहीत. मुख्याध्यापक चांगले होते, त्यांनी ती तक्रार मला वाचून दाखवली आणि फाईलला लावून टाकली.

मान वळवायला शिकवणं मात्र वाटलं तेवढं सोपं गेलं नाही. कोर्समधला एक खेळ घेतला. पास घेणाऱ्याच्या मागं एकानं उभं राहून बोटं वर करायची, आणि बॉल पोचायच्या आत घेणाऱ्यानं आकडा ओरडून सांगायचा. पोरांना खूप आवडला. महिन्याभरात सगळी पोरं मान वळवायला लागली. मी खूश. मग मॅच बघितली तर मान वळवून सुद्धा सरळ बॅकच्या अंगावर वळतायत. एकाला बाजूला घेतलं. "मागं बघितलंस ना?" "बगितलं की सर." "मग काय दिसलं?" पोरगं गप्प. ते मान वळवत होतं ते मला बरं वाटावं म्हणून. बघत नव्हतं.

तेव्हापासून मी "मागं बघ" म्हणणं सोडलं. "काय दिसलं?" एवढंच विचारायचं, तेही खेळ थांबल्यावर, जवळ जाऊन, हळू आवाजात. उत्तर यायला वेळ लागतो. कधी कधी आठवडे लागतात. "सर, मागं कोणच नव्हतं, मी उगाच घाबरलो." "सर, उजवीकडची पोरगी मोकळी होती, पण ती बॉल मागत नव्हती." अशी उत्तरं यायला लागली की समजायचं, काहीतरी चाललंय. गप्प राहणं हे मला सगळ्यांत कष्टानं शिकावं लागलं. पहिलं वर्षभर मी मॅचला तोंडात लवंग धरून उभा राहायचो, आवाज निघू नये म्हणून.

२०१७ साल वेगळंच आलं. सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात. सप्टेंबरात सरकारनं शाळाशाळांत फुटबॉल वाटले, गावोगावी पोरं मैदानात उतरली. आणि भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव. ऑक्टोबरात दिल्लीला अमेरिकेकडून तीन गोलनी हरलो, कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगनं हेडरनं गोल मारला, वर्ल्डकपमधला भारताचा पहिला गोल, तेव्हा आमच्या शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरसमोर बसलेली पोरं अशी उडाली की एक बाक मोडला. मिनिटाभरात कोलंबियानं परत गोल केला. पण पोरांना तो आठवत नाही, मलाही पोरांनी तो विसरायला लावला. दिवाळीनंतर सरावाला नव्वद पोरं आली. उन्हाळ्यापर्यंत चाळीस राहिली. वाटलेल्या बॉलपैकी बरेच कपाटात कुलपात गेले असं इतर शाळांतले शिक्षक सांगायचे. आमचे मी जाणूनबुजून झिजवले.

त्याच काळात सी लायसन्स केलं. डी नंतर सी, मग बी, ए आणि शेवटी प्रो, अशी ही शिडी. वर जाईल तशी फी वाढते, दिवस वाढतात, आणि तेवढे दिवस शाळेचा पगार कापला जातो. इंडियन सुपर लीगमध्ये मुख्य कोच व्हायचं तर प्रो लायसन्स किंवा त्या तोडीचं काही लागतं. मी बी पर्यंत आलोय. ए करायचं मनात आहे, पण मुलीच्या कॉलेजची फी आधी.

मुलींचा संघ २०१६ ला सुरू केला. तेव्हा दहा वर्षांची एक मुलगी यायला लागली. तिला तिचा भाऊ सायकलवर डबलसीट आणून सोडायचा. फाटकाच्या आत कधी यायचा नाही. सायकलला टेकून रस्त्याकडं तोंड करून उभा राहायचा. तो तोच होता. तीन महिने मी त्याच्याकडं लांबून बघत होतो. एक दिवस बाहेर गेलो आणि म्हणालो, "माझं चुकलं होतं, बाळा. तुझं काही चुकलं नव्हतं." तो पंधरा वर्षांचा, ओठावर मिसरूड फुटलेली. खाली बघत म्हणाला, "न्हाई सर, तवा तुमीबी नवीनच हुता की." त्यानंतरही तो खेळायला आला नाही. फाटकाच्या आत मात्र येऊन बसायला लागला.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट, पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आमच्या मैदानावर गोलपोस्टचा वरचा दांडा तेवढा दिसत होता. पाणी ओसरल्यावर मैदानावर वीतभर गाळ आणि त्यात कुणाच्या घरातली भांडी, वह्या, देवाचा एक टाक. सगळ्या पोरापोरींनी मिळून पाट्यांनी गाळ ओढला. तो भाऊ त्यात पुढं होता. सरावाचे सहा आठवडे गेले. अर्ध्या पोरांची घरंच उभी नव्हती, सरावाचं नाव कोण काढणार?

त्यातनं कशीबशी चौदा वर्षांखालच्या मुलींची टीम उभी केली, जिल्हा जिंकलो, आणि विभागीय स्पर्धेला कोल्हापूरला गेलो. त्याच वर्षी जूनपासून नियम बदलला होता. समोरच्यांनी बॉल गोलरेषेबाहेर घालवला की आपल्या गोलपासून मारून खेळ सुरू करतात, तो गोलकिक. त्याचा बॉल आता पेनल्टी एरियाच्या, म्हणजे गोलसमोरच्या मोठ्या चौकटीच्या, बाहेर जाईपर्यंत थांबायचं नव्हतं, आतल्या आतच आपल्या बॅकला देता यायचा. मी मुलींना तेच शिकवलं होतं, लांब भिरकावायचा नाही, जवळ द्यायचा, खेळत वर यायचं. चौदा वर्षांखालच्या मुलीचा लांब गोलकिक जातो किती? सेंटरच्या अलीकडंच पडतो, आणि तिथं समोरच्यांची सगळ्यांत उंच मुलगी उभी असते.

समोर कोल्हापूरची शाळा, आणि बघायला कोल्हापूरची माणसं. आमच्या गोलकीपरनं पहिला गोलकिक जवळ दिला आणि कडेनं आवाज आला, "लांब मार की गं!" दुसरा दिला. पन्नास माणसं ओरडायला लागली. तिसऱ्याला आमच्या बॅकचा पाय अडकला, समोरच्या मुलीनं बॉल हिसकावला आणि गोल. आमची गोलकीपर माझ्याकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं जे मी एका पोराच्या चेहऱ्यावर सहा वर्षांपूर्वी बघितलं होतं. मी तळहात खाली करून इशारा केला, तसाच दे. माझे पाय कापत होते, खोटं सांगत नाही. पुढचा गोलकिक तिनं परत जवळ दिला. बॅकनं मधे दिला. मधे ती, त्या भावाची बहीण, गोलकडं पाठ करून. मागनं त्यांची बॅक सुसाट येत होती. ती एका बाजूला झुकल्यासारखं करून दुसऱ्या बाजूला अशी अलगद वळली की बॅक तशीच पुढं निघून गेली. तीन पासमध्ये बॉल समोरच्या गोलपाशी. शॉट पोस्टला लागून बाहेर गेला.

आम्ही एक-शून्य हरलो. मैदानातून बाहेर येताना छत्री घेतलेले एक आजोबा माझ्याजवळ थांबले. ओरडणाऱ्यांत तेही होते. म्हणाले, "ती मधली पोरगी कुणाची?" मी म्हटलं, "सांगलीची." ते मान हलवत गेले.

गेल्या वर्षी, ऑगस्ट २०२५ मध्ये, खालिद जमील भारताच्या संघाचे कोच झाले. महिंद्रा युनायटेड, एअर इंडियाकडून खेळलेला माणूस, पुढं वर्षानुवर्षं मुंबई एफसीचा कोच, मग २०१७ ला मिझोरामच्या आयझॉलला आय-लीग जिंकून देणारा. आम्ही कूपरेजवर धडपडत होतो त्याच शहरातून, त्याच मैदानांवरून तो वर गेला. बातमी वाचली तेव्हा मला भरून आलं. परदेशी कोच वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण परळच्या मैदानावर जूनचा चिखल कसा असतो हे माहीत असलेला माणूस आज तिथं बसलाय.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिचा फोन आला. ती आता एकोणीस वर्षांची. कॉलेज करते, आमच्याच शाळेत लहान मुलींना माझ्याबरोबर शिकवते. डी लायसन्सच्या कोर्सला गेली होती.

"सर, उद्या माझं सत्र आहे. विषय काय आलाय माहितीय? पाठीवर खेळाडू असताना वळणं."

मी म्हटलं, "मग? तुला तर झोपेत येतं."

"तेच तर. सांगता येईना झालंय."

मी थोडा वेळ काही बोललो नाही. मग विचारलं, "बॉल यायच्या आधी तू काय बघतेस?"

मला वाटलं ती रूळ म्हणेल. आण्णांची गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगितलीय, आण्णा गेल्यावर तर जास्तच. फोनवर बराच वेळ शांत होतं. मागं हॉस्टेलमधल्या बाकीच्या मुलींचं बोलणं ऐकू येत होतं.

"सर, खरं सांगू? मी सावली बघते."

"सावली?"

"आपल्या ग्राउंडला. संध्याकाळी ऊन मावळतीकडनं येतं ना, आपण तिकडच्या गोलवर चढाई करत असलो, आणि बॉल घ्यायला मी इकडं तोंड करून असले, की मागच्या बॅकची सावली माझ्या पुढ्यात पडते. लांबच लांब. ती कुठल्या बाजूनं यायलीय ते सावलीतच कळतं. मग मी दुसरीकडनं वळते."

"आणि हाफटाइमनंतर? बाजू बदलल्यावर?"

"तेव्हा ऊन समोर येतं की. तेव्हा मग तुमचं रुळाचं."

तिला काय सांगायचं ते मला सुचेना. उद्याच्या सत्रात हेच सांग, एवढं म्हणालो आणि फोन ठेवला. पाच वाजून गेले होते. लहान मुली बिब घालून चार-चारच्या टोळ्या करत होत्या. मी पश्चिमेच्या गोलकडं पाठ करून, सेंटर सर्कलच्या थोडा पुढं जाऊन उभा राहिलो. भाऊ फाटकाच्या आत कट्ट्यावर बसला होता. त्याला हाक मारली, म्हटलं, "ये रे, जरा माझ्या मागनं पळत ये."

तो उठला, चपला काढल्या आणि आला. मी जमिनीकडं बघत उभा होतो. उजव्या खांद्याच्या बाजूनं सावली आली.